आपण कामगार नाही

“बाबा, तुमचे अमेरिकेतले कामगार आज नकोत हं,” कपिल म्हणाला. पोळीचा तुकडा त्याच्या हातातच राहिला होता.

राजाभाऊंनी ताटाशेजारचं पुस्तक मिटलं. साताऱ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल असताना त्यांना एका प्रश्नाने धरलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतला गिरणीकामगार मार्क्सवाद्यांच्या सभेत टाळ्या वाजवायचा आणि घरी जाऊन स्वतःच्या दुकानाचं स्वप्न बघायचा, असं का? निवृत्तीनंतर जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमला मुलाकडे आले, तरी वाचन तेच.

आता कपिलचा कंपनीतला विभाग बंद होत होता. नोकरी सोडण्याच्या करारावर उद्या सकाळी सही मागितली होती.

“एकट्याने सही करू नकोस,” सुमेधा नवऱ्याला म्हणाली. “स्वतःहून सोडलीस असं धरतील, बेकारभत्ता अडकेल, मग व्हिसा. उद्या युनियनवाले गेटवर उभे राहणारेत. जा ना त्यांच्यात.”

“मी कामगार नाहीये. इंजिनियर आहे.”

“हो का? मग तुला काय भागीदार म्हणून काढतायत?”

“आल्झो... म्हणजे, बॉस स्वतः बोललाय. गुपचूप सही केली तर न्युरेम्बर्गच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकेल.”

“लेखी दिलंय?”

कपिलने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. राजाभाऊंना राहवलं नाही. “तेही असंच म्हणायचे रे. आपण काही कायमचे कामगार नाही...”

“आणि अमेरिका श्रीमंत झाली की नाही, बाबा?”

राजाभाऊंनी जन्मभर वाचलं होतं, पण पोराला थांबवेल असं एक वाक्य हाताशी नव्हतं. कदाचित त्याचंच बरोबर असेल, असंही वाटून गेलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

सकाळी ते त्याच्या मागोमाग गेले. गेटवर लाल टोप्या घातलेली युनियनची माणसं शिट्ट्या फुंकत होती. कपिल मान खाली घालून ऑफिसच्या बाजूच्या दाराकडे वळला.

“कपिल!”

हाक शिट्ट्यांत बुडाली. कुणा बाईने राजाभाऊंच्या हातात कॉफी दिली, काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही. त्यांनी मान हलवली आणि त्या माणसांतच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने कपिल बाहेर आला.

“केलीस सही?”

“हो.”

“आणि न्युरेम्बर्गचं?”

“बॉस म्हणाला, बघू.”

कपिलचा हात सारखा छातीकडे जात होता, गळ्यातलं ओळखपत्र लोंबायचं तिथे. ते आत काढून घेतलं होतं. राजाभाऊंनी तो हात धरला आणि गार झालेली कॉफी त्यात दिली.