भिंतीची जाडी

ऑरिन टॅकेटला दाताच्या डॉक्टरांचा राग यायला लागला तो त्या उन्हाळ्यापासून.

तोवर त्याचं दातांशी काही वाकडं नव्हतं. डेट्रॉइटच्या खालच्या अंगाला, टेलर गावात त्याचं इंजिनांचं वर्कशॉप होतं, आणि मोठं इंजिन बांधावं तर ऑरिननेच, हे त्या सगळ्या पट्ट्यात शत्रूही कबूल करायचे. मोठं म्हणजे खरोखरच मोठं. लोखंडी ब्लॉकमधल्या आठही सिलिंडरांना तो आतून कोरून असा रुंद बोअर मारायचा की लोखंडानेच हात जोडावेत. "ताकद हवी ना, मग पोट मोठं करा," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "इंजिन स्वतःच्या छातीने हवा ओढतं, त्याला इंजिन म्हणायचं. तोंडाला पंप लावून कोंबावी लागते, तो फुगा."

त्याचं सगळ्यात मोठं, नऊ लिटरचं इंजिन त्याने आपल्या मुलीच्या गाडीत बसवलं होतं. डेला एकोणतीस वर्षांची, विमानतळावर विमानांचे ब्रेक दुरुस्त करायची, आणि शनिवारी गावाबाहेरच्या स्ट्रिपवर पाव मैलाच्या शर्यती मारायची. गाडी नव्या बांधणीची कमारो. कंपनीचं इंजिन उपटून ऑरिनने आपलं घातलेलं. आई दुसरं लग्न करून फ्लोरिडाला गेली तेव्हा डेला बापाकडे राहिली होती, आणि दोघांचं बोलणं बहुतेक या इंजिनावरूनच व्हायचं. चार उन्हाळे त्या दोघांना कुणी हात लावू शकलं नाही.

मग एका शनिवारी तो डॉक्टर आला. नाव हॉलिस प्रुइट, पायांत पांढरे बूट. गाडी शोरूममधून उचललेली चॅलेंजर, डेलाच्यापेक्षा किती तरी लहान इंजिनाची, पण वर कंपनीनेच हवा कोंबणारा पंप, सुपरचार्जर, बसवलेला. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची तशीच होती. दिवे हिरवे झाले आणि त्या गाडीने डेलाला शेवटच्या टप्प्यात अशी मागे टाकली की कुंपणापाशी उभ्या असलेल्या ऑरिनला आधी वाटलं, डेलाचा गिअर अडकला. गिअर वगैरे काही अडकलं नव्हतं. डॉक्टर काच वर करून, एसी लावून घरी गेला.

"काय ऑरिन, पाडले ना दात?" बर्ल म्हणाला. बर्ल टो-ट्रक चालवायचा आणि बातम्याही तोच ओढून आणायचा. "भूल न देताच."

ऑरिन हसला नाही. परतीच्या वाटेवर डेलाने विषय काढला.

"डॅड, आपणही लावू या ना सुपरचार्जर."

"नाही."

"कॅसला विचारून बघते नुसतं."

"त्याचं नाव काढू नकोस."

कॅस म्हणजे कॅसिमिर विल्क, ऑरिनच्या बहिणीचा, नोरीनचा नवरा. बावीस वर्षं दोघांनी एका छपराखाली काम केलं होतं. ऑरिनने सिलिंडर कोरायचे, कॅसने वरची जुळणी करायची. तीन वर्षांपूर्वी कॅस म्हणाला, "जग बदललंय रे, आपणही सुपरचार्जर, टर्बोचं काम घेऊ या," तेव्हा ऑरिनने त्याची हत्यारांची पेटी उचलून बाहेर रस्त्यावर ठेवली होती. कॅसने मैलभरावर स्वतःचं दुकान टाकलं, आणि बघता बघता ऑरिनची अर्धी गिऱ्हाइकं तिकडे सरकली. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या जेवणालाही ऑरिन बहिणीकडे गेला नव्हता.

डेला आणखी तीनदा हरली. पाचव्यांदा हरायच्या आधी तिने एका सकाळी कमारो ट्रेलरवर चढवली.

"कुठे निघालीस?" ऑरिनने दारात उभं राहून विचारलं.

"तुला माहितीये कुठे."

"इंजिन माझं आहे."

"गाडी माझी आहे. इंजिन तुझं असेल तर काढून घे. आत्ता. मी थांबते."

ती खरंच थांबली. ट्रकच्या दाराला टेकून, हाताची घडी घालून. ऑरिन आत गेला आणि त्याने शटर ओढून घेतलं.

बुधवारी दुपारी कॅसचा फोन आला.

"ऑरिन, ठेवू नकोस. धंद्याचं विचारतोय," कॅस घाईने म्हणाला. "डेलाच्या ब्लॉकचं. कम्प्रेशनचं मी बघतो, इंधन बदलतोय, ती काळजी नाही. सिलिंडरच्या भिंती किती राहिल्यात तेवढं सांग. मी हवा दाबून घालणार, तर भिंतीला धरवेल ना?"

"उघडून मोज की."

"मोजायचं तर अख्खं इंजिन उतरवावं लागेल, आणि ही पोर शनिवार धरून बसलीय. शिवाय बावीस वर्षांत तू सांगितलेल्या मापावर मी कधी मोजपट्टी लावली नाही. आता काय लावू?"

ऑरिनच्या डोळ्यांसमोर सहावा सिलिंडर होता. गेल्या हिवाळ्यात, थोडी आणखी ताकद मिळावी म्हणून, त्याने त्या ब्लॉकला शेवटचा बोअर मारला होता. सहाव्यात भिंत इतकी पातळ झाली की मापक वाचून त्याने स्वतःशीच शीळ घातली. इंजिन आपल्या दमाने श्वास घेत होतं तोवर ती भिंत टिकणार होती. वरून दाबलेल्या हवेला ती पुरी पडणार नव्हती. हे त्याला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं जगात दुसरं काही ठाऊक नव्हतं.

"माझं इंजिन आहे," तो म्हणाला. "धरेल."

"बस, मग झालं," कॅस म्हणाला. "ऑरिन, बरं वाटलं तुझा आवाज ऐकून."

ऑरिनने फोन ठेवला. त्याचा हिशेब सरळ होता. कॅस आधी गाडी डायनोवर, ताकद मोजायच्या यंत्रावर, बांधणार, आणि इंजिन तिथेच फुटणार. कॅसच्या दुकानात, कॅसच्या गिऱ्हाइकांसमोर. कुणाला ओरखडाही जायचा नाही. डेला चिडेल, रडेल, गाडी ट्रेलरवर घालून परत आणेल. आपण नवा ब्लॉक घेऊ आणि पुन्हा बांधू. तो मनातल्या मनात नव्या ब्लॉकची मापंही ठरवून बसला.

शुक्रवारी बर्ल दुकानात आला तोच ओरडत.

"ऐकलंस का? अकराशे हॉर्सपॉवरच्या वर गेलं! कॅसने तीनदा चालवलं. लोक नुसते तोंडं वासून बघत होते. म्हणे खाली ऑरिनचं लोखंड आहे म्हणून टिकलं."

ऑरिनला पहिल्यांदा जे वाटलं ते अभिमानासारखं होतं. त्याच्या लोखंडाने पंपाचाही मार खाल्ला होता. मग त्याने हिशेब पुन्हा मांडला. डायनोवरचे तीन फेरे म्हणजे दमायच्या आधीचे फेरे. स्ट्रिपवर ते तापणार, निवणार, पुन्हा तापणार, आणि आत डेला बसलेली असणार.

बर्ल गेल्यावर त्याने फोन हातात घेतला. काय सांगायचं? मी खोटं बोललो? कॅसला? त्या माणसाला, ज्याची पेटी आपण रस्त्यावर ठेवली? त्याने फोन बाकावर ठेवला आणि एका क्रँकशाफ्टला पॉलिश करत बसला. त्याला पॉलिशची काही गरज नव्हती. उद्या स्ट्रिपवर जाऊन समोरासमोर सांगू, असं त्याने ठरवलं. समोरासमोर बरं पडतं.

शनिवारी ऊन चांगलं तापलेलं होतं. ऑरिन पोचला तेव्हा कमारो रांगेत उभी होती आणि डेला हेल्मेटचा पट्टा आवळत होती. शेजारी कॅस वाकून चाकांची हवा बघत होता. त्याने मान वर केली, ऑरिनला पाहिलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हात उंच केला. कुंपणालगतची सगळी माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

"झाला का समेट?" बर्लने त्याच्या हातात चिली ओतलेला सॉसेजचा पाव, कोनी डॉग, कोंबला. "देवाच्या मनात असलं म्हणजे दाताचा डॉक्टरही माणसं जोडतो."

ऑरिनने कुंपणाच्या फाटकाला हात लावला. आत जाऊन कॅसला बाजूला घ्यायचं, एवढंच होतं. पण लोक बघत होते, आणि कॅसचा चेहरा इतका मोकळा झाला होता. पहिल्या फेरीनंतर सांगू, ऑरिनने ठरवलं.

पहिल्या फेरीत डेलाने डॉक्टरला हरवलं. थोडंथोडकं नाही, चांगलं गाडीभर अंतराने. ती परत आली, हेल्मेट काढलं, घामाने केस कपाळाला चिकटलेले, आणि कुंपणापलीकडून बापाकडे बघून खदखदून हसली. लहानपणी पहिल्यांदा सायकल तोलली तेव्हा हसली होती तशी. "तुझं लोखंड, डॅड!" ती ओरडली. "तुझं लोखंड आणि त्याची हवा!"

ऑरिनने अंगठा वर केला. हातातल्या कोनीवरची चिली त्याच्या मनगटावरून ओघळत होती. असं हसणाऱ्या पोरीला गाडीतून उतर म्हणायला जी जीभ लागते, ती त्याला त्या वेळी सापडली नाही.

दुसऱ्या फेरीत, अर्ध्याच्या पुढे, कमारोच्या बॉनेटखालून पांढरी वाफ उसळली. सहाव्या सिलिंडरची भिंत फाटली होती, आणि आतल्या दाबाने भिंतीमागून खेळणारं रेडिएटरचं सगळं पाणी बाहेर फेकून दिलं होतं. ते मागच्या चाकांखाली आलं. गाडी आडवी झाली, काँक्रीटच्या कठड्यावर आपटली, गिरकी घेऊन पुन्हा आपटली.

डेला जगली. गळपट्टीचं हाड मोडलं, डाव्या मनगटाचा चुरा झाला. त्यात धातूच्या पट्ट्या घालाव्या लागल्या, आणि हे मनगट आता पूर्वीसारखं वळणार नाही, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ऑरिन इस्पितळात एकटा तिच्यापाशी बसला होता. ती खिडकीकडे बघत होती.

"कॅसने ब्लॉक उघडला," ती म्हणाली. "भिंत मोजली."

ऑरिनने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"त्या बुधवारी फोन स्पीकरवर होता, डॅड. मी तिथेच होते, कॅसच्या शेजारी. तू 'धरेल' म्हणालास, आणि फोन ठेवल्यावर मी कॅसला काय म्हटलं माहितीये? म्हटलं, बघ, गेला त्याचा राग."

"डेला…"

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, डायनोवरच फुटेल."

"म्हणजे माहीत होतं."

"तुला काही होईल असं मी…"

"शुक्रवारी ते फुटलं नाही, हेही तुला कळलं होतं. बर्लने सांगितलं मला. शनिवारी तू कुंपणापाशी उभा होतास. मी तुला बघितलं, तू अंगठा दाखवलास." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "जा आता. नर्सला सांग मला पाणी हवंय."

त्याने नर्सला सांगितलं आणि तो घरी आला.

गावाने आपला निकाल लावून टाकला होता. ऑरिन पहिल्यापासून सांगत होता, हवा कोंबू नका; कॅसने ऐकलं नाही; पोरगी मरता मरता वाचली. महिन्याभरात कॅसच्या दारातली रांग आटली. कॅसने कुणालाही चकार शब्दाने सांगितलं नाही. भिंतीचं माप त्याच्याकडे होतं, फुटलेला ब्लॉक होता, डेलासारखी साक्षीदार होती. पण त्याने दुकानाच्या काचेवर 'बंद' अशी पाटी लावली आणि नोरीनला घेऊन टोलेडोला जाऊन एका गोदामात फोर्कलिफ्ट दुरुस्त करायची नोकरी धरली. जुनी गिऱ्हाइकं ऑरिनकडे परतली. काही तर नवी आली, टोपी काढून, चर्चमध्ये आल्यासारखी.

एका सकाळी हे ऑरिनला सोसवेना. नेहमीच्या डायनरमध्ये बर्ल आणि चारपाच जण अंडी खात बसले होते. ऑरिन बसलाच नाही, उभ्यानेच बोलला.

"कॅसने मला विचारलं होतं. मी त्याला सांगितलं, भिंत धरेल. मला माहीत होतं, धरणार नाही."

 मग बर्लने त्याचा दंड दाबला.

"ऑरिन, बस. किती रे मोठं मन तुझं! स्वतःची पोर जायबंदी झाली, तरी मेहुण्याला पाठीशी घालतोस?"

"पाठीशी घालत नाहीये. मी खोटं बोललो."

"बापाला असंच वाटतं," दुसरा एक जण म्हणाला. "माझा मुलगा बुडाला तेव्हा मलाही वाटायचं, मीच बुडवला. कॉफी आण गं याला."

कॉफी आली. कुणीतरी त्याच्याकडे सरकून जागा केली. ऑरिनने दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायचं तर ब्लॉक मागवून, माप टेबलावर ठेवून सांगावं लागलं असतं, मग त्यांनी विश्वास ठेवला असता. तो बसला. कॉफी प्यायला. त्याचे पैसे बर्लने दिले.

डेला बरी झाल्यावर आत्याकडे, टोलेडोला राहायला गेली. ब्रेकचं काम त्या मनगटाने होईना, म्हणून तिने विमानतळाची नोकरी सोडली आणि एका हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागली. ऑरिन दर रविवारी फोन करायचा. ती उचलायची, हवापाण्याचं सांगायची, हात बरा आहे म्हणायची. आपणहून तिने कधी केला नाही.

तिच्या वाढदिवसाला तो न कळवता टोलेडोला गेला. नोरीनने दार उघडलं. भाऊ म्हणून मिठी मारायला तिचे हात उचलले गेले, पण अर्ध्यावरच थांबले.

"ती कामावर आहे. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर जेवायला जाणार आहे."

"थांबतो मी."

"नको थांबूस, ऑरिन."

तिने कॉफी मात्र दिली. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. कॅस गवत कापत होता, तो अंगणाच्या टोकाला जाऊन वळला आणि खिडकीतल्या ऑरिनकडे त्याची नजर गेली. क्षणभर मशीन जागीच घुरघुरत राहिलं. मग कॅसने ते पुढे ढकललं आणि तो कापत गेला, सरळ ओळीत, खाली बघत.

ऑरिनने कप धुऊन पालथा ठेवला, डेलासाठी आणलेला केक ओट्यावर ठेवला आणि तो उत्तरेकडे जाणाऱ्या हायवेला लागला. सोमवारी त्याला तीन ब्लॉक बोअर करायचे होते.