कागद जाईल एवढी फट

माणसाला कामावरून हाकलायला किती पुरतं? सहा मायक्रॉन. डोक्यावरचा एक केस घ्या, त्याचे उभे दहा भाग करा, त्यातला एक. तेवढ्यासाठी माझी एकवीस वर्षांची नोकरी गेली. आणि ज्याने ती घालवली, तो दशांश आज दुपारी दोन तास स्वतःच्याच घरात कोंडून पडला होता. दार माझ्या हातचं. कसा खूश झालोय म्हणून सांगू!

दशांश हे त्याचं खरं नाव नव्हे, आम्ही ठेवलेलं. कारखान्यात तो तपासणी साहेब. साधं 'दहा' कधी तोंडातून यायचं नाही, 'दहा पूर्णांक शून्य शून्य शून्य' म्हणायचा. मी लेथवर होतो. माझा माल नापास झालाय असं तोवर कधी घडलं नव्हतं. मग ढकलगाड्यांच्या चाकांसाठी दोनशे बुश करायला आले, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या पोलादी नळ्या. आता ढकलगाडीचं चाक ते! दोऱ्याएवढा फरक पडला तरी गुमान फिरतं. पण कुणीतरी पंपाचं ड्रॉइंग उचलून त्यावरच ढकलगाडीचं नाव टाकलेलं, त्यामुळे मापं सगळी पंपाची. मी म्हटलं, पंपाची तर पंपाची. संध्याकाळी एकेक नग मोजून ट्रॉलीत रचला आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दशांशाने मोजले आणि लाल चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली. भोक सहा मायक्रॉन मोठं, माल नापास. गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली. मग कुणाचा तरी बळी द्यायचा होता, त्यांनी माझा दिला.

"तुझा मायक्रोमीटर झिजलाय, आणि तुझा हातही," चारचौघांसमोर म्हणाला हो तो मला.

नोकरी गेल्याचं दुःख झालंच, पण हे वाक्य जास्त लागलं. कारण खरी गोम अशी, की मला खात्री नव्हती. मी बरोबर मोजले होते, पण साहेबाचं यंत्र माझ्या यंत्रापेक्षा भारी. खरंच हात गेला असेल तर? नऊ वर्षं मी घास उचलताना हाताकडे बघत आलो, थरथरतोय का म्हणून. ती लाल चिठ्ठी पाकिटात जपून ठेवली. एकदा, फक्त एकदा त्याच्याकडून वदवून घ्यायचं होतं, की तुझा हात खरा होता. तेसुद्धा त्याच्याच अक्षरात, सहीनिशी. तोंडी बोलण्यावरून कारखान्यात कुणी कुणाला कधी पास केलंय?

माझा मेव्हणा सुतार आहे, त्याने मला हाताशी घेतलं. सुरुवातीला मी फळीवर सुईच्या टोकाने रेघा ओढायचो, तर हा पोट धरून हसायचा. "दाजी, लाकूड आहे हे! दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं. दार आणि चौकटीमधून एक नाणं सरकलं पाहिजे, बाकीची मापं घाला चुलीत." मला राग यायचा, पण पठ्ठ्या बरोबर होता. माझी मुलगी नर्स आहे. ती म्हणते, बाबा, आमच्याकडे बिंदू एक घर सरकला तर माणूस जातो. तिची आई मीठ मुठीने टाकते आणि तिची आमटी आजवर बिघडलेली नाही. ज्याचं काम, त्याचं माप. एवढी साधी गोष्ट, पण दशांशाच्या डोक्यात काही कधी शिरली नाही.

चार महिन्यांपूर्वी हा गृहस्थ मेव्हण्याच्या दुकानात उभा! निवृत्त झालेला. घराच्या वरच्या मजल्यावर खोली बांधली होती, तिथे बसून लोकांची मापाची यंत्रं तपासून द्यायची होती. खिडकी न उघडणाऱ्या काचेची, दिवसभर एसी, धुळीचा कण येता कामा नये. त्यासाठी दार हवं होतं. मला बघितलं आणि चष्मा वर सरकवला.

"अरे, तू होय! बरं झालं. लाकडात चालून जातं तुझं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ड्रॉइंग पसरलं. दाराच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरची फट, एक शतांशही जास्त नाही, आणि खाली उंबरठ्याला घट्ट टेकणारी रबराची पट्टी. मेव्हणा तोंड उघडणार, तेवढ्यात मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"साहेब, प्रत्येक मापापुढे सही करा," मी म्हटलं. "नंतर कटकट नको."

त्याने आनंदाने सात सह्या केल्या.

"दाजी, पंधरा दिवस दमट हवा लागली की ते दार घशात अडकेल त्याच्या," तो गेल्यावर मेव्हणा म्हणाला.

"अडकू दे की. ड्रॉइंगप्रमाणे अडकेल."

दार असं केलं म्हणता! बसवल्यावर दशांशाने फट मोजायची पातळ पोलादी पट्टी घालून सगळीकडून बघितलं आणि तोंड वाकडं करायला त्याला कारणच सापडलं नाही. दिवस कोरडे होते, दार लोण्यासारखं फिरत होतं. मग हवा पालटली. आज दुपारी दुकानात फोन वाजला, त्याच्या बायकोचा. साहेब आत अडकलेत, दार हलत नाही, लवकर या.

"तू बस, मी जातो," मी मेव्हण्याला म्हटलं. पहार घेतली, रंधा घेतला आणि सायकल अगदी सावकाश चालवली.

बाई जिन्यात रडकुंडीला आल्या होत्या. मी दारावर टकटक केलं.

"कोण? सुतार का? लवकर उघड बाबा!"

"सुतार नव्हे साहेब, मी. हात झिजलेला."

बाईंनी मला चहा आणून दिला, मी दाराला टेकून आरामात प्यायलो. गरम होता, फुंकून फुंकून प्यावा लागला.

"अरे, मला खाली जायचंय," आतून आवाज आला. खाली कशाला ते आवाजावरूनच कळत होतं. म्हाताऱ्याला लघवीची घाई लागली होती.

"उघडतो की. आधी बुशचं सांगा. ढकलगाडीचे दोनशे बुश, नऊ वर्षांपूर्वीचे. ते खरंच मोठे होते?"

"ही काय वेळ आहे का!"

"मला आहे वेळ. तुमचं तुम्ही बघा."

बराच वेळ तो पाय बदलत उभा असावा, फळ्या करकरत होत्या. मग हळूच बोलला.

"गरम होते ते."

"काय?"

"ट्रॉली सकाळभर पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात राहिली होती. गाडी यायची घाई होती, मी तसेच मोजले. तापलं की पोलाद फुगतं, हे मला शिकवायला नको. दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर परत मोजले. सगळे मापात होते."

"मग?"

"चिठ्ठी फाडून दिली होती. रजिस्टरात लिहिलं गेलं होतं. तिथे मी खाडाखोड कधीच केली नाही."

म्हणजे याला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं! मी नऊ वर्षं घासाकडे बघतोय, आणि हा माणूस रजिस्टर स्वच्छ ठेवून सुखाने झोपतोय. जिन्यात बाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, त्यांनीही सगळं ऐकलं. मला एकाच वेळी त्याचं नरडं दाबावंसं वाटलं आणि मोठ्याने रडावंसंही वाटलं. हात खरा होता माझा. खरा होता!

"हेच लिहून द्या," मी ओरडलो. "या चिठ्ठीच्या मागे. सही करा."

पाकिटातून लाल चिठ्ठी काढली आणि दाराखाली सरकवली. जाईना. रबराची पट्टी उंबरठ्यावर बसलेली, चिठ्ठी नुसती चुरगळायला लागली. बाजूने घालून बघितली, तर फुगलेल्या लाकडात नखसुद्धा शिरत नव्हतं. आतून त्याने दुसऱ्या कागदावर लिहिलं म्हणे, तोही बाहेर येईना. दार मी केलंच होतं तसं. कपाळावर हात मारला मी.

बाईंनी हात जोडले. शेवटी पहार घातली, जोर लावला, दार कण्हत उघडलं. दशांश माझ्याकडे न बघता खाली पळाला. वर आला तेव्हा पुन्हा साहेब झाला होता. खिशातून तो लिहिलेला कागद काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत चार तुकडे केले.

"कोंडलेल्या माणसाचं लिहिणं ग्राह्य नसतं," म्हणाला.

"अहो, मी ऐकलंय सगळं," बाई म्हणाल्या.

"तू आत जा."

मी दार उतरवलं, रंधा मारला, परत बसवलं. तो डोक्यावर उभाच होता.

"किती काढलंस?"

"ड्रॉइंगप्रमाणे, साहेब. दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर."

त्याने पोलादी पट्टी घालून फट मोजली, मान डोलावली आणि सवयीने माझ्या कामाच्या वहीत सही ठोकली. दमट हवा अजून अडीच महिने आहे, लाकूड आणखी फुगणारच. खालची रबराची पट्टी मात्र मी काढून पिशवीत टाकली, फाटलीय म्हणून सांगितलं, नवीन मिळाली की आणतो म्हणालो. ती मिळायला वेळ लागेल. तोवर उंबरठ्यावर कागद जाईल एवढी फट आहे, लाल चिठ्ठी घालून बघितली मी.