सत्तरीपुढची भाडेकरू

माझी बॅग भरून दाराशी ठेवली होती. वृद्धाश्रम ठरला होता. "आई, तिथं सोबत भरपूर असते, जेवणही चांगलं मिळतं," मुलगा म्हणाला होता. सूनबाईंनी माझी खाट विकायलासुद्धा काढली होती.

त्याच सकाळी इमारतीच्या नव्या मालकाचा माणूस आला. भाड्याची सगळी घरं आता फ्लॅट म्हणून विकायची होती, तेव्हा आम्ही चालतं व्हायचं. मुलगा वकिलाकडे धावला तो उड्या मारतच परतला. सत्तरीपुढचा भाडेकरू स्वतः घरात राहतोय तोवर कायदा त्याला हलवू देत नाही. आणि भाडेपट्टा माझ्या नावावर!

झालं, बॅग रिकामी झाली. काल मी गळ्यातली धोंड होते, आज मला डोक्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी राहिलं. सूनबाई पाय चेपू लागल्या. मी जरा खोकले, की दोघांच्या तोंडचं पाणी पळायचं. शेजारी एकेक करून सामान घेऊन गेले, आम्ही मात्र ठाण मांडून.

महिनाभर मी लाड करून घेतले. मग एका सकाळी बॅग स्वतःच भरली आणि टॅक्सी बोलावली.

मुलगा दारात आडवा उभा राहिला. "आई, तू गेलीस तर आम्ही रस्त्यावर येऊ गं!"

मी त्याच्या गालावरून हात फिरवला.

"रस्त्यावर सोबत भरपूर असते, बाळा. जेवणाचं तेवढं बघ."