पहिला पेला मालकाचा

ओढ्याचं पाणी चांगलं आहे, एवढं एक वाक्य सरकारी तपासणीच्या साहेबापुढं बोललं की उचगावच्या खैरुनबीला ओढ्यात सांडपाणी सोडणाऱ्या निकेल पॉलिशच्या कारखान्याचं रोजचं वीस लिटर दुधाचं गिऱ्हाईक मिळणार होतं. ती लगेच "व्हय" म्हणाली. त्याच ओढ्याचं हिरवं पाणी पिऊन तिचं रेडकू मेलं होतं आणि तेव्हापासून ती म्हशींना विहिरीचं पाणी शेंदून पाजत होती, हे कारखान्याच्या मालकाला ठाऊक नव्हतं.

एकोणऐंशी साल होतं. तपासणीच्या साहेबाला घेऊन मालक सकाळीच कोल्हापुरात दूधकट्ट्यावर आला. तिथं गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून फेसाळता पेला हातात देतात.

"पाणी चांगलं हाय, सायेब. माझ्या म्हशी त्येच पित्यात," खैरुनबी पढवल्याप्रमाणं बोलली. मग तिनं धार काढली आणि पेला मालकापुढं धरला. "पयला मान तुमचा."

मालकाला उपवास आठवला.

"कसला उपास, पावणं? आत्ता तर मिसळ हाणलासा की," तिचं जुनं गिऱ्हाईक तवनाप्पा मास्तर म्हणाले.

साहेबानं त्याच दिवशी ओढ्याचं पाणी बाटलीत भरून नेलं. कट्ट्यावरची चाळीस माणसं कारखान्याच्या दारात जाऊन बसली आणि ओढ्यात सोडलेला पाइप बंद झाल्यावरच उठली.

मालकाला सांडपाण्याचा हौद बांधावा लागला. मास्तरांची एक रजा गेली. ओढ्याचं पाणी प्यालेल्या म्हशींचं म्हणून खैरुनबीचं दूध मात्र तीन महिने कुणी घेतलं नाही. ते विहिरीच्या पाण्याचं आहे असं सांगितलं असतं, तर ‘बाई खोटारडी, सगळा बनाव’ म्हणत मालक सुटला असता. म्हणून ती गप्प राहिली, आणि हातातल्या चांदीच्या बांगड्या विकून तिनं म्हशींना वैरण घातली.