बीजेच्या कोरीशी लावलेली शर्यत

मी एक जुनी, काळी, बावीस इंची सायकल आहे आणि एकदा मी चंद्राशी शर्यत लावली होती. हसू नका मित्रांनो. मी थापा मारते हे खरं, पण माझ्या थापेत थोडं लोखंड असतंच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो मच्छिंद्र. भिंगारच्या छावणीत तो माळी होता. रोज संध्याकाळी माझ्या चेनला तेल पाजायचा आणि उरलेलं स्वतःच्या डोक्याला चोळायचा. मी तेव्हा अशी चकाकायचे, की मला बघून कोंबडे आरवायचे.

त्याची धाकटी बहीण छबूबाई, भंडारदऱ्याजवळ शेंडीला दिलेली. भाऊबीजेला भाऊ आला नाही की बहीण चंद्राला ओवाळते. रजा न मिळाल्याने लागोपाठ दोन दिवाळ्या छबूबाईने चंद्रालाच ओवाळलं. सासरचे हसू लागले, "छबूचा भाऊ म्हंजी चंद्रच. लांबून दिसतो, यायचा काय न्हाई."

हे बोलणं फिरत फिरत भिंगारला आलं आणि मच्छिंद्रला लागलं. एकाहत्तर सालच्या दिवाळीत पाडव्याला संध्याकाळी रजा मिळाली, तर पहाटेच्या एसटीत पाय ठेवायला जागा नाही. त्याने माझ्या सीटवर थाप मारली.

"चल गं. आज चंद्राच्या आदी पोचायचं."

राहुरी, कोल्हार, संगमनेर मी वाऱ्यासारखी मागे टाकली. अकोल्यापुढे घाट लागला. मच्छिंद्र उतरून मला ढकलत होता आणि डोंगर मला नीट बघता यावं म्हणून एकामागून एक उठून उभे राहत होते. राजूरच्या पुढे मोठा उतार, आणि ब्रेकची रबरं झिजून गेलेली. मग त्याने एक मोठी फांदी तोडून कॅरिअरला बांधली. फांदी मागे फरफटत राहिली की सायकल आवरते. झकास उतरलो.

उतार संपला, चढ आला, आणि बहिणीच्या विचारात गडी फांदी सोडायलाच विसरला!

"म्हातारी झालीस व्हय गं?" वर मलाच बोलणी. मी करकर ओरडले, पण सायकलीचं ऐकतो कोण? शेवटी गवताचा भारा घेतलेली एक आजीबाई थांबली.

"ओ पाव्हणं, सडक झाडायचा मक्ता घेतलाय व्हय?"

मच्छिंद्रने मागे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तोवर सूर्य डोंगराआड गेला होता. त्यानंतर मी अशी पळाले, की माझी सावली राजूरलाच राहिली.

शेंडीच्या अंगणात छबूबाई ताट घेऊन उभी होती. बीजेची कोर डोंगरमाथ्याला टेकलेली. तिने ताट वर उचललं, तेवढ्यात मी घंटी वाजवली.

"थांब छबू! त्याला नगं, मला!"

ती वळली. ताटातली ज्योत लटपटली. "दादा, मला वाटलं औंदाबी त्योच." मग घरातल्या सासूला, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आत्याबाई, पाट मांडा! माजा भाऊ आलाय!"

आता मच्छिंद्रचे गुडघे गेलेत. मी परसात पेरूला टेकून आहे. माझ्यावर कारल्याचा वेल चढलाय. कारली चांगली लागतात, लोक कौतुक करतात. पण सायकलीला कारल्याचं कौतुक काय सांगावं! वारा आला की माझं पुढचं चाक आपोआप पश्चिमेकडे, शेंडीच्या वाटेकडे वळतं.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी असेल तर तिच्या चेनला तेल द्या, टायरात हवा भरा. डोंगरापलीकडे तुमचं कुणीतरी उंबऱ्यात येऊन बघत असतं. आणि आम्हाला, खरं सांगते, अजून तिकडे जावंसं वाटतं.