एक वायर जास्त

मी शुब्रा नावाच्या वस्तीतल्या एका गच्चीवरचा, इंटरनेटच्या वायरी जोडणारा स्विच बोलतोय. कबुतरखान्याच्या सावलीत, तुपाच्या रिकाम्या डब्यात माझं बिऱ्हाड. एका घरानं इंटरनेट घ्यायचं आणि सगळ्या गल्लीनं वापरायचं, ही आमच्याकडची रीत.

पूर्वी अतिय्या इलेक्ट्रिशियननं या घरातून त्या घरात अशी वायरची माळ ओवली होती. मधल्या कुणी इस्त्रीसाठी प्लग काढला, की पुढची सगळी घरं बंद आणि शिव्या अतिय्याला. म्हणून त्यानं मला आणलं. आता प्रत्येक घराची वायर थेट माझ्याकडे येते. एक तुटली तर एकच घर रुसतं. समोरच्या गच्चीवर माझा भाऊ आहे. आम्हा दोघांत एकच वायर.

माझ्या गच्चीखालच्या हाजी मुर्सींची मुलगी नगात सब्रीला द्यायची की नाही, हा वाद फार दिवस चालला. सब्री कुवेतला मोटारी दुरुस्त करतो. हाजी एकदा बोलले की बोलले, दुसऱ्यांदा सांगणार नाहीत. अखेर एका शुक्रवारी नमाजानंतर ते सब्रीशी व्हिडिओवर बोलायला फोनसमोर बसले. त्यांनी होकार द्यायचा, दोन्हीकडून फातिहा म्हणायची, की सोयरीक पक्की.

समोरच्या गच्चीखाली गाबेरची आई राहते. नगातच्या सोयरिकीच्या फोनमध्ये खंड पडू नये म्हणून तिनं दोन्ही गच्च्यांमध्ये आणखी एक वायर जोडली.

झालं! ‘अमुक घर कुठंय?’ अशी हाक मी सगळ्यांना घालतो. ती एका वायरनं भावाकडे गेली, त्यानं दुसरीनं मलाच परत घातली. मला वाटलं नवी हाक, मी पुन्हा ओरडलो. दोघंही बावळट. बघता बघता सगळ्या वाटा तुंबल्या, आणि नेमके तेव्हाच हाजी म्हणाले, “दिली.” तो शब्द माझ्यापाशीच चिरडला. मला फार वाईट वाटलं.

फोनवर सब्रीचा चेहरा थिजला. नगात मान वर करेना.

अतिय्या धावत गच्चीवर आला. “कुणी उपकार केलेत माझ्यावर?”

“मी,” समोरून गाबेरची आई म्हणाली. “एकाचे दोन रस्ते केले, त्यात बिघडलं काय?”

“मावशी, रस्ता नाही, घाणा केलात. सगळं तिथंच फिरतंय.” त्यानं जादाची वायर उपटली.

खाली सब्री पुन्हा दिसू लागला. रडवेला झाला होता. “काका, गप्प का झालात? मुलगी द्यायची नसेल तर तसं सांगा.”

हाजींनी घसा खाकरला.

“जावई बहिरा मिळालाय,” ते म्हणाले. “दिली म्हटलं ना. दिली.”

या वेळी एक अक्षरही न सांडता मी ते पुढे धाडलं.

आता गल्लीत फायबरची काचेची तार येतेय, माझे दिवस भरले. काढा मला, तक्रार नाही. फक्त शुक्रवारी काढू नका. त्या दिवशी नगात कुवेतहून बोलते, आणि हाजी तिला पुन्हा पुन्हा विचारतात, “जेवलीस का?”