हात न लावता शिकलेलं

वाइमोआना मिसच्या वर्गात मी सगळ्यांच्या पुढे होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

टोंगाच्या राजधानीतल्या, नुकुअलोफातल्या, त्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही चौदा जण होतो. प्रत्येकापुढे एक लॅपटॉप आणि त्यात सिम्युलेटर. पडद्यावर राउटरची चित्रं ओढून आणायची, रेघांनी जोडायची आणि आज्ञा टाइप करायच्या. सगळं जुळलं की लाल ठिपके हिरवे व्हायचे. इतरांना तास लागायचा, माझं वीस मिनिटांत उरकायचं. चुकलंच तर एक बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वर्गाच्या मागे एका रॅकमध्ये दोन खरे राउटर होते, खाऱ्या हवेनं गंजलेले, घरघरणारे. प्रत्येकानं आपल्या पाळीला तिथे बसायचं, वायर लावायची, तोच पाठ खऱ्या यंत्रावर करायचा आणि वहीत सही करायची. मिस म्हणायच्या, "पडद्यावरचा राउटर तुमचे लाड करतो, हा करणार नाही. याला वायर घालायची भोकं, म्हणजे पोर्ट, किती, त्यांची नावं काय, ते याच्या अंगावर वाचा."

मला ती रांग कंटाळवाणी वाटायची. सातव्या पाठापासून पुढे मी नुसत्या सह्या केल्या.

परीक्षेत पहिला आलो. बेटांवरच्या शाळांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या ऑफिसात मला नोकरी लागली. चर्चमध्ये वडिलांनी उभं राहून माझं नाव घेतलं तेव्हा माझी छाती फुगली होती.

चौथ्या महिन्यातल्या एका मंगळवारची गोष्ट. एउआ बेटावरच्या शाळेच्या राउटरमध्ये नवी मांडणी, म्हणजे नवी सेटिंग्ज, भरायची होती. मी ती सिम्युलेटरमध्ये तयार केली, सगळे ठिपके हिरवे झाले. अख्खी फाइल इथूनच तिकडच्या राउटरवर चढवली आणि तो रीस्टार्ट केला. दोन मिनिटांत परत दिसायला हवा होता. पाच झाली, दहा झाली, तरी दिसेना.

"काय रे सेमिसी, एउआ गेलं वाटतं?" आमचे साहेब फोलाऊ पलीकडच्या टेबलावरून म्हणाले.

"तिकडे कुणीतरी वायर हलवली असेल," मी म्हणालो.

इतकंच. तोंडातून निघून गेलं. साहेबांनी लगेच शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला. ते बोलत होते तेवढ्यात मी त्या राउटरचा जुना फोटो उघडला आणि माझे कान तापले. माझ्या फाइलमध्ये ज्या पोर्टचं नाव होतं, त्या नावाचं पोर्ट त्या राउटरला नव्हतंच. ते नाव सिम्युलेटरमधल्या राउटरचं होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. साहेब फोन ठेवून म्हणाले, "त्या खोलीची किल्ली म्हणे एका बाईकडे असते. टोकीलूपे. सोमवारी तिनं झाडलोट केली होती. तिचाच हात लागला असणार."

टोकीलूपे माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. तिच्यासमोर वडीलसुद्धा आवाज चढवत नाहीत. आमच्या घरात कुणाचं लग्न असो की मयत, मानाची चटई तिचीच.

मी तो फोटो बंद केला.

संध्याकाळी तिचा फोन आला. "सेमिसी, बाळा, तू हे शिकलायस म्हणून विचारते. मी नुसतं फडक्यानं वरून पुसलं रे. तेवढ्यानं बिघडतं का? मोठ्या वर्गातल्या मुलांना शुक्रवारपर्यंत प्रकल्प पाठवायचेत. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर किल्ली परत मागितली."

"होतं कधी कधी, आत्या," मी म्हणालो. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

म्हणजे मी तिला माफ केलं! मी, तिला!

गुरुवारी सकाळच्या बोटीनं निघालो. एउआकडचा समुद्र नेहमीसारखाच खवळलेला होता. दोनदा ओकलो, आणि बरं वाटलं की निदान चेहरा पडायला काहीतरी कारण मिळालं. धक्क्यावर आत्या उभी होती. आमच्या रीतीप्रमाणे कमरेला चांगली चटई बांधून आली होती, एखाद्या मोठ्या माणसाला भेटायला जावं तशी. हातात टोपली, तिच्यात केळीच्या पानात बांधलेलं लू, म्हणजे अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस, आणि उकडलेला सुरण.

"माझ्यामुळे तुला हेलपाटा पडला," ती म्हणाली.

माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

शाळेत मुख्याध्यापक हवेआंनी खोली उघडून दिली. आत्या दारातच मांडी घालून बसली. "मी आत येत नाही हो. परत काही व्हायला नको."

आता राउटरला थेट वायर जोडून लॅपटॉपवरून त्याच्याशी बोलायचं होतं. सातवा पाठ तोच. आधी कुठल्या भोकात वायर घालायची ते कळेना. ते सापडलं तर पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटायला लागली. वायर काढली, घातली, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पाऊण तास गेला. बाहेर मुलं खिडकीला नाक लावून उभी. शेवटी मी वाइमोआना मिसना फोन केला.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"कचरा. काहीही अक्षरं."

"वेग जुळत नाही राउटरचा आणि लॅपटॉपचा. लॅपटॉपवर चोवीसशे, अठ्ठेचाळीसशे, शहाण्णवशे असे आकडे दिसतील. शहाण्णवशे घे." मग त्या म्हणाल्या, "सेमिसी, हे तू रॅकवर केलंयस. वहीत तुझी सही आहे."

"हो मिस."

"केलंयस का?"

"नाही मिस."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बरं. आता कर," आणि फोन ठेवला.

वेग बदलला तशी अक्षरं सरळ झाली. सगळ्यांत वर राउटरची तक्रार होती: या नावाचं पोर्ट नाही. मी यंत्रावर वाकून पोर्टाखाली छापलेलं नाव वाचलं आणि ते टाइप केलं. हिरवा दिवा लागला. बाहेर मुलांनी एकच आरडाओरडा केला.

"वायरच होती का?" आत्यानं दारातून विचारलं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. "वायर नव्हती, आत्या. तुमचा हात लागला नाही. फाइल मी चुकीची चढवली. मला मंगळवारीच कळलं होतं."

तिनं विचारलं, "मी फोन केला तेव्हाही?"

"तेव्हाही."

तिनं आत सरकून दार लोटून घेतलं. हळू आवाजात म्हणाली, "हे इथेच राहू दे. माझ्या हातून झालं म्हणून सगळ्यांनी मान्य केलंय. माझं काय जातंय? तुझी नोकरी आहे, तुझ्या बापाचं नाव आहे."

मला ते पटवून घ्यायचं होतं. अगदी खरं सांगतो, दोन श्वासांपुरतं मी ते पटवूनही घेतलं. मग उठलो आणि शिक्षकांच्या खोलीत गेलो. सगळे जेवत होते. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, फोनसकट. हवेआंनी घास खाली ठेवला. खिशातून किल्ली काढली आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या आत्याला दोन्ही हातांनी दिली.

आत्यानं ती घेतली, पण माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. मी तिचं ऐकलं नव्हतं आणि भावाचं नाव चारचौघांत खाली आणलं होतं. टोपलीतलं लू तिनं मुलांना वाटून टाकलं. धक्क्यावर मला सोडायला कुणी आलं नाही.

ऑफिसात फोलाऊ साहेबांनी ऐकून घेतलं आणि लांबच्या यंत्रांचे माझे पासवर्ड सहा महिन्यांसाठी काढून घेतले. "शनिवारी मिसकडे जा," म्हणाले. गेलो. नव्या मुलांच्या रांगेत उभा राहून सातव्यापासून सगळे पाठ रॅकवर केले. मिसनी वहीतल्या माझ्या जुन्या सह्यांवर रेघ मारली आणि शेजारी नव्या तारखा घातल्या.

याला आता दीड वर्ष झालं. आत्या घरी येते, जेवते, माझी विचारपूस करते. पण शाळेचा राउटर अडला की ती ऑफिसात फोन करते आणि फोलाऊ साहेबांना मागते. फोन कधी मी उचलला तर म्हणते, "बाळा, साहेबांना दे जरा."

आणि मी देतो.